खोली तीन, घर सतरा

सोलापूर, ६ फेब्रुवारी २०२५

मौलाली,

सलाम आणि जय भीम.

तू फोन उचलत नाहीस. तौसिफ उचलतो आणि "चाचा, अब्बा सोये हैं" म्हणतो. दुपारी बारा वाजता झोपणारा माणूस तू नव्हेस. उभा जन्म ट्रकचे पाटे ठोकण्यात घालवलास, रविवारीसुद्धा सकाळी सहाला तुझी खोकण्याची घंटा व्हायची. म्हणून मी पोस्टात गेलो आणि आंतरदेशीय मागितलं. खिडकीतल्या बाईंनी ते शोधायला दोन कपाटं उघडली. मला बरं वाटलं. आपल्यासाठी कुणी कपाट उघडतं, हे आता फार होत नाही.

बातमी अशी की यादी लागली. जिन्याखाली, बजाबाईच्या दाराशेजारी, प्लास्टिकमध्ये घालून चिकटवली आहे. इमारत पाडायची हे तर ठरलेलंच होतं. त्या जागी अकरा मजले चढणार. रस्त्याकडच्या बाजूला विकायचे फ्लॅट आणि मागच्या बाजूला आपण, म्हणजे जुने भाडेकरू, ज्यांना जुन्या जागेच्या बदल्यात नवी जागा मिळायची आहे. आपल्या बावीस खोल्या. यादीत नावं मात्र चौदाच. तुझं नाव मला दिसलं नाही. तीनदा वरून खाली वाचलं, एकदा खालून वर. काहीतरी चूक झाली असेल. असल्या कागदांत चुका होतातच. शाळेत मी शिपाई असताना हजेरीपटावर एक मुलगा दोन वर्षं मुलगी म्हणून चालला होता, आणि त्याचं काही बिघडलं नाही.

इकडे हवा छान आहे. खोली तीनचं कुलूप मी रविवारी उघडतो, झाडतो, परत लावतो. खातूनभाभीची पेटी, शिलाई मशीन, सगळं जागेवर आहे. मशीनवर तिचंच फडकं आहे, ते मी उचललं नाही.

काल गॅलरीत बसलो असताना ती घराची कविता आठवली. आपल्या शाळेतल्या एका बाईंनी स्नेहसंमेलनासाठी रचलेली होती, पुस्तकातली नव्हे. 'दोन खिडक्या, एक दार, आत माणसं फार फार.' पुढचं येत नाही. तुला मी सांगितलेलं आहे, मला सगळ्या कविता अर्ध्याच येतात. वर्गाबाहेर स्टुलावर बसून ऐकायचो, आणि शेवटचं कडवं यायच्या आत तास संपायचा, मला घंटा द्यायला उठावं लागायचं.

तुझा
त्रिंबक


१९ फेब्रुवारी २०२५

मौलाली,

उत्तर नाही. ठीक आहे, टेंभुर्णी काही परदेशात नाही, पत्र पोचलं असणार.

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहायची राहून गेली. म्हणजे राहून गेली असं म्हणतो. यादीत माझं नाव दोनदा आहे. नवव्या ओळीत खोली तीन आणि दहाव्या ओळीत खोली सतरा. पहिल्यांदा मला वाटलं, छापणाऱ्याचा हात दोनदा पडला. आमच्या यशपालने यादीचा फोटो काढून घरी आणला, बोटांनी मोठा केला आणि म्हणाला, "दादा, ही चूक नाही. दोन खोल्या एकाच नावावर आहेत म्हणून दोन्ही मिळून एक मोठं घर देतायत. आत बेडरूम आहे, दादा."

त्याच्या तोंडून 'बेडरूम' हा शब्द ऐकून नागूबाई हसायला लागली. "बया! त्या बेडरूममंदी तुमी बसून कविता म्हना, आमी भाईर झोपतो," म्हणाली. मग हसायची थांबली आणि पदराने तोंड पुसत राहिली. दहा बाय बारामध्ये आम्ही दोघं, यशपाल, सून आणि बुद्धप्रिया. परवापासून प्रियाची दहावीची परीक्षा आहे. पोरगी गॅलरीत कानात कापसाचे बोळे घालून अभ्यास करते. माझ्या नातीला दार लावून अभ्यास करता येईल, हे मी कधी स्वप्नातही मागितलं नव्हतं, आणि ते नवव्या नि दहाव्या ओळीत लिहून आलं.

हे तुला फोटोवरून आधीच कळलं असणार. तौसिफच्या फोनवर असले फोटो पोचतात. म्हणूनच तू झोपलेला असतोस.

पण हे कसं झालं, ते मला खरंच कळत नाही.

त्रिंबक


४ मार्च २०२५

मौलाली,

तुझं कार्ड आलं. रोजे लागायच्या तोंडावर लिहिलंस. चारच ओळी, पण अक्षर तुझंच, पाटा ठोकल्यासारखं. "त्रिंबक, दो कमरे मुबारक. आता एका खोलीत बसून दुसऱ्या खोलीला कविता ऐकव. सहा महिन्यांत परत येतो म्हणालो होतो. तीन वर्षं झाली, ही माझी चूक. पण माझं घर तुझ्या नावावर कसं चढलं, ते तू सांग. तौसिफचा फोन नको सांगायला."

सांगतो. मागच्या पत्रात 'कळत नाही' लिहिलं, ते निम्मं खरं होतं.

मोजणीला उत्कर्षा नावाची मुलगी आली होती. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, बोलायला फार गोड. तिने मला गॅलरीत गाठलं. म्हणाली, "आजोबा, तुमची खोली कुठली?"

मी म्हणालो, "तीन."

"आणि हे सतरा?"

"हे माझं घर."

आता तूच सांग मौलाली, मी काय चुकीचं बोललो? एकोणतीस वर्षं आपल्या इमारतीत असंच बोलतात. खोली म्हणजे पावतीवरची. घर म्हणजे राहतो ते. खातूनभाभीचे गुडघे गेले आणि ती जिना चढताना पायऱ्यांवर बसून रडायला लागली, त्या सालापासून. तेव्हा तू वर सतरामध्ये होतास आणि मी खाली तीनमध्ये. एका दुपारी आपण तुझी पेटी खाली आणली आणि माझं कपाट वर नेलं. नागूबाईने तुझ्या चुलीवर चहा केला, खातूनभाभीने आमच्या. चनबसप्पा मालकाला सांगायला गेलो, तर तो म्हणाला, "पावत्या तशाच राहू देत की. आता कुठं खोडाखोड करता." खोडाखोड नको म्हणून भाषाच बदलली. पोस्टमनसुद्धा विचारायचा, "त्रिंबकराव खोलीवाले का घरवाले?" अख्ख्या इमारतीला ते कळायचं.

तिला कुठून कळणार? तिने खोली विचारली, मी पावतीची सांगितली. घर मी आपण होऊन सांगितलं. तिने दोन्हीपुढे माझंच नाव लिहिलं. शिवाय सतराची पावती. तू गेल्यापासून दोन्ही पावत्या मीच आणतो, आणि मालकाच्या माणसाने कधीतरी दोन्हीवर माझंच नाव घालायला सुरुवात केली. ते मी पाहिलं होतं. म्हटलं, असू दे, चालायचंच.

तुझं नाव इथल्या एकाही कागदावर उरलं नव्हतं. तुझं आधार कार्ड तौसिफने टेंभुर्णीला नेलं. तू होतास तो फक्त आमच्या बोलण्यात.

आता झालं सांगून.

त्रिंबक


१५ मार्च २०२५

मौलाली,

नाही झालं. अजून एक राहिलं आहे. ते मी तीन पत्रांत लपवलं, आणि नागूबाईपासून तर आजही लपवलेलं आहे.

ती मुलगी जाताना वळली. कामात चोख असणार. म्हणाली, "आजोबा, म्हणजे दोन्ही तुमच्याच ना? दुसऱ्या कुणाचं काही नाही?"

मी गप्प बसलो.

मी असा गप्प बसतो हे तुला माहीत आहे. समोरचा बोलत असतो आणि माझ्या डोक्यात कुठल्या तरी कवितेचं अर्धं कडवं फिरत असतं. त्या दिवशीही फिरत होतं, असं मी स्वतःला तेव्हापासून सांगत आलो. मग गेल्या आठवड्यात गॅलरीत बसून आठवायला लागलो की कुठलं कडवं होतं. एकही आठवेना. मौलाली, त्या क्षणी माझ्या डोक्यात कविता नव्हतीच. मला कापसाचे बोळे घातलेले कान दिसत नव्हते, भिंती दिसत नव्हत्या, काहीच दिसत नव्हतं. किंवा दिसत होतं. प्रिया त्याच वेळी शेजारी बसून पाठ करत होती. तिचा आवाज मला ऐकू येत होता, एवढं नक्की. गोंधळून गप्प बसलो का समजून गप्प बसलो, ते मी शंभरदा विचारलं स्वतःला. एकदा हे उत्तर येतं, एकदा ते. उत्कर्षाने टॅब पुढे केला. मी बोटाने सही केली. बोटाने केलेली सही कशी वाकडीतिकडी येते, ती माझी वाटतही नव्हती.

हे मी पहिल्यांदा बजाबाईला सांगितलं. तुला न सांगता तिला का सांगितलं, विचारू नकोस. ती जिन्याखाली पसारा आवरत बसली होती. तिच्या त्या कोपऱ्याला नंबरच नाही. पूर्वी मालकाचे कोळसे असायचे तिथं. पस्तीस वर्षं राहिली, पण पावती कधी मिळाली नाही, म्हणून यादीत नाही, म्हणून नव्या इमारतीतही नाही. मोडनिंबला भाचीकडे निघाली आहे. भाचीच्या दारात पत्र्याचं शेड आहे म्हणे. शहरातली धुण्याभांड्याची पाच घरं सुटली.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "गुरुजी, मौलालीभाऊचं नाव चुकलंय. चुकल्यालं दुरुस्त करता येतं. माजं चुकायलाबी कुटं हाय?" मी शिपाई होतो, गुरुजी नव्हतो, पण ती कायम गुरुजीच म्हणत आली. आणि पुढे म्हणाली, "तुमी जाऊन सांगा की. तुमाला त्वांड हाय, कागद हाय. मला ह्यातलं एक जरी असतं, तर मी त्या यादीवर बसूनच राह्यले असते."

तिच्यासाठी अर्ज करू म्हणालो, तर हात जोडून म्हणाली, "पैलं तुमचं निस्तरा."

यादीवर हरकत घ्यायची शेवटची तारीख अठरा आहे. आधी चनबसप्पाकडे गेलो, अदलाबदल झाली एवढं लिहून द्या म्हणून. तो आता मुलीकडे अक्कलकोटला असतो, नव्वदीचा आहे. मला ओळखलं, जेवायला थांब म्हणाला, नातवंडं दाखवली. आणि खोलीचं नाव काढल्याबरोबर त्याचं मराठी गेलं. "गोत्तिल्ल, ननगे एनू गोत्तिल्ल," एवढंच. मला काही माहीत नाही, मला काही माहीत नाही. बाकी मात्र सगळं माहीत होतं. खातूनभाभी शिरखुर्मा पाठवायची तोही आठवत होता त्याला. शिरखुर्मा आठवतो आणि तो कुठल्या दारातून यायचा ते आठवत नाही.

परवा हरकतीचा अर्ज भरला. त्यात 'हरकत घेणाऱ्याचे नाव' असा रकाना आहे आणि 'ज्यांच्याविरुद्ध हरकत आहे त्यांचे नाव' असा दुसरा. दोन्हीत मी माझंच नाव लिहिलं.

यशपालने ते पाहिलं. ओरडेल असं वाटलं होतं. तो हलक्या आवाजात म्हणाला, "दादा, मौलालीचाचाला टेंभुर्णीत घर आहे. मुलगा आहे, गॅरेज आहे. आपल्याला काय आहे?"

मी म्हणालो, "ते तौसिफचं घर आहे."

"आणि हे?"

त्याचं म्हणणं चूक आहे असं मला वाटत नाही, मौलाली. ते खोटंही नाही. तरी अर्ज दिला. का दिला ते नीट सांगता येत नाही. तू रागावला आहेस म्हणून दिला, असं समज. ते सगळ्यात सोपं आहे.

त्रिंबक


२७ मार्च २०२५

मौलाली,

परवा, पंचवीस तारखेला, सुनावणी झाली. जे झालं ते जसंच्या तसं लिहितो. यात कविता नाही.

साडेअकराला बोलावलं होतं, एकला आत घेतलं. टेबलामागे एक अधिकारी मॅडम होत्या, शेजारी उत्कर्षा टॅब घेऊन. यशपाल हजेरी बुडवून माझ्याबरोबर आला होता. मला वाटलं मला अडवायला आला. तो माझ्या गोळ्या आणि पाण्याची बाटली घेऊन बसला.

मॅडमनी अर्ज वाचला. परत वाचला. "आजोबा, तुम्ही स्वतःच्याच विरुद्ध हरकत घेतलीय?"

"हो."

मागे बसलेले लोक हसले. मॅडमही हसल्या, पण चांगलं हसल्या. "इथं लोक शेजाऱ्याची खोली आपली म्हणून भांडायला येतात. तुम्ही पहिलेच. बोला."

मी सगळं सांगितलं. खोली, घर, गुडघे, पेटी, कपाट. उत्कर्षाने मान खाली घातली होती. मध्येच म्हणाली, "मॅडम, मी विचारलं होतं त्यांना. ते काही बोलले नाहीत." मी म्हणालो, "ही मुलगी बरोबर बोलते. तिने विचारलं होतं. मी गप्प राहिलो, आणि सही केली." यशपालने माझ्याकडे पाहिलं. हे त्याला माहीत नव्हतं.

मॅडमनी विचारलं, "ही अदलाबदल कुठं लेखी आहे?"

"नाही."

"मालक सांगतील?"

"त्यांना आता फक्त कन्नड येतं," मी म्हणालो. परत लोक हसले.

मग मॅडमनी पेन खाली ठेवलं. खालच्या आवाजात, घरच्या माणसाला समजावावं तसं म्हणाल्या, "हे बघा, परवानगीशिवाय खोल्या बदलल्या असं मी लिहिलं, तर दोन्ही खोल्या वादात जातील. तुमच्याही आणि त्यांच्याही. त्यापेक्षा सोपं करू. तुमचा जुना कागद खोली तीनचा आहे. तुम्ही पहिल्यापासून तीनमध्येच राहत होता, असं लिहून द्या. तुमचं एक घर पक्कं. सतराचं मौलाली आले, जुन्या पावत्या दाखवल्या, तर त्यांचंही होऊन जाईल. अदलाबदल झालीच नाही, असं समजायचं. कुणाचं नुकसान नाही."

मौलाली, किती चांगली बाई. खरंच कुणाचं नुकसान नव्हतं. तुला एक, मला एक. मी मान डोलावलीसुद्धा. त्यांनी कागद ओढला आणि लिहिता लिहिता, नुसती ओळ पूर्ण करायची म्हणून विचारलं, "तर खोली तीनमध्ये आजवर राहत होतं कोण?"

मला फक्त 'मी' म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "खातूनबी."

"कोण?"

"खातूनबी मौलाली शेख. सव्वीस वर्षं राहिली तीनमध्ये. तिथंच वारली. माझ्या बायकोने तिचे डोळे मिटले."

का म्हणालो, विचारू नकोस. सगळ्यांचं भलं होणारी एक ओळ होती आणि तिच्यात ती बाई कुठंच नव्हती. ती सव्वीस वर्षं जिन्यावर राहिली होती का? तुझं नाव कागदावरून गेलं ते माझ्यामुळे, ते परत घालता येईल. पण तिचं नाव कधीच कुठल्या कागदावर नव्हतं, ना पावतीवर, ना विजेच्या बिलावर. आणि आता मीच लिहून द्यायचं की तिथं ती नव्हती. हे जमलं नाही. जमायला हवं होतं की काय, तेही कळत नाही.

मॅडमनी लिहिणं थांबवलं. म्हणाल्या, "आजोबा, मी हे लिहून घेतलं तर मग मला तसंच लिहावं लागेल." मी म्हणालो, "लिहा." त्यांनी नाव विचारून विचारून लिहिलं, 'खातूनबी' दीर्घ ऊ का ऱ्हस्व, तेही विचारलं. मी दीर्घ सांगितलं.

आता तीन आणि सतरा, दोन्हींपुढे 'वादग्रस्त' असं लागलं आहे. माझी दोन्ही घरं गेली असं समज, निकाल लागेपर्यंत. इमारत मेअखेर रिकामी करायची आहे. आम्ही भाड्याने कुठं जायचं ते शोधतोय. शहरात आपल्याला परवडेल अशी खोली आता कुणी दाखवतच नाही, सगळे हैदराबाद रोडच्या पलीकडचं सांगतात.

बाहेर आल्यावर यशपालने रिक्षा थांबवली. घरी आल्यावर नागूबाईने विचारलं, "काय झालं?" तर तो म्हणाला, "दादांनी खातूनचाचीला घर दिलं," आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. नागूबाई माझ्यावर चिडली, लई चिडली, लेकराच्या तोंडातला घास काढला म्हणाली. थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "मॅडमनी नाव बराबर लिवलं का तिचं?"

पुढची तारीख आठ एप्रिल, मंगळवार, सकाळी साडेअकरा. मॅडम म्हणाल्या, वाद सुटणं शक्य आहे, पण मौलालींनी स्वतः यायला हवं. 'तीनमध्ये माझी बायको राहत होती आणि मी तिच्याबरोबर राहत होतो,' हे त्यांनी सांगायला हवं. जुन्या पावत्या, दवाखान्याचे कागद, मयतीचा दाखला, जे असेल ते आणायचं. दाखल्यावर राहण्याचा पत्ता काय लावला होतास ते आत्ताच काढून बघ. तू आलास तर काय होईल ते मला ठाऊक नाही. दोघांना मिळेल, एकाला मिळेल किंवा कुणालाच नाही. तू नाही आलास तर काय लिहिलं जाईल ते मात्र मॅडमनी सांगून ठेवलंय: 'दावेदार गैरहजर'.

ईद करून घे. आठ तारखेला टेंभुर्णीहून सकाळची सातची एस.टी. धर, त्यानंतरची वेळेवर पोचत नाही. राग आहे तर तो घेऊनच ये, तो कमी व्हायची वाट बघू नकोस, तेवढे दिवस नाहीत आपल्याकडे. माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल. मॅडमशी बोल.

त्रिंबक